खात्याचं गाणं, बन्सीलालचा ठप्पा

शहाद्याच्या बस स्टँडसमोर बन्सीलालचं दुकान आहे, हे ज्यांनी शहादा कधी पाहिलं नाही त्यांनाही ठाऊक आहे. बारडोलीकडच्या उसाच्या फडात सकाळी कोयते चालू झाले की कुणाच्या तरी कमरेला खोचलेला बटणाचा मोबाईल वाजू लागतो. आणि गाण्याच्या आधी लग्नात आहेर पुकारणाऱ्या माणसासारखा एक जाड, घोगरा आवाज येतो, "बन्सीलाल मोबाईल! बस स्टँडसमोर, शहादा! ऐका आणि नाचा!" मग गाणं. मध्येच, गाणारी बाई ऐन रंगात आलेली असताना, तिला बाजूला सारून पुन्हा "बन्सीलाल मोबाईल!" याला बन्सीलाल ठप्पा म्हणे. आपल्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक गाण्यावर तो आपल्या आवाजाचा ठप्पा मारायचा. गाणं कुणाचं, सिनेमा कुणाचा, हे त्याला विचारायचं नाही. ठप्पा त्याचा.

छप्पन्न वर्षांचा माणूस. पोट थोडं सुटलेलं, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, शर्टाच्या खिशाला कायम एक छोटा चिमटा लावलेला. नखाएवढं कार्ड मोबाईलमध्ये घालायला-काढायला तो चिमटा. दुकानाच्या मागं पडदा, पडद्यामागं घर, आणि घरात रंजनाबाई. मुलगी भूमिका नाशिकला नोकरीला. तिच्या जन्मापासून रंजनाबाईंनी नवऱ्याला "भूमिकाना पप्पा" याखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही, आणि ती हाक पडदा फाडून स्टँडवरच्या फलाटांपर्यंत जायची.

बन्सीलालनं धंदा सुरू केला तो कॅसेटचा. एका कॅसेटवरून दुसरीवर गाणी उतरवायची. मग सीडी आली, मग मेमरी कार्ड. माल बदलत गेला, काम तेच. सीडीच्या काळात एकदा धाड पडली. मुंबईहून कुठल्याशा कंपनीचे दोन इन केलेले शर्ट आले, सोबत एक हवालदार. दोन गोण्या भरून सीड्या नेल्या आणि बन्सीलाललाही नेलं. संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. दुपारी रंजनाबाई भर बाजारातून डबा घेऊन ठाण्यात गेल्या. लोक बघत होते, आणि त्या डोक्यावरचा पदर सावरत मान ताठ ठेवून चालल्या होत्या. शेवटी 'यापुढे असा गुन्हा करणार नाही' असा माफीनामा लिहून, खाली सही करून सुटका झाली.

त्या दिवसापासून बन्सीलालनं कागदावर सही करणं सोडलं. गॅसची टाकी आली, पोस्टमन रजिस्टर घेऊन आला, की तो रंजनाबाईंना पुढं करी. धंदा मात्र सोडला नाही.

आणि धंदा तरी कसा करी! दसरा झाला की डोंगरातली माणसं ऊसतोडीला निघायची. सातपुड्यातून उतरून शहाद्याला गाडी बदलायची आणि पुढं गुजरातेत जायची. त्या मधल्या वेळात बन्सीलालकडं कार्ड भरून घ्यायचं, हा रिवाजच पडून गेला होता. कार्ड हातात आलं की बन्सीलाल आधी विचारायचा, "किती महिना?"

"होळीलोंग."

"कोन कोन जाई ऱ्हायनं?"

बायको, दोन पोरं, म्हातारी. मग तो डोळे बारीक करून विचार करी. म्हातारीला सकाळची दोन भजनं. पोरांना मारामारीचा एक सिनेमा. बायकोला माहेरची आठवण येईल तेव्हा रडायला एक गाणं, आणि रडून झाल्यावर नाचायला तीन. नवंच लग्न झालेलं जोडपं असेल तर न विचारता चार गाणी जास्तीची, आणि त्यांच्याकडं न बघता कार्ड हातात द्यायचं. पाच महिन्यांचा शिधा बांधून द्यावा तसं तो कार्ड बांधून द्यायचा. होळीला परत आलेली माणसं मुद्दाम थांबून सांगायची, भाऊ, तो तिसरा पिच्चर लई भारी होता, पंधरा वेळा बघितला.

हे सगळं चोरीचं आहे हे त्याला रोज सांगणारा एक माणूस होता. नवनीत. गावातल्या टॉकीजमध्ये तो पंचवीस वर्षं दारावर तिकीट फाडायला होता. टॉकीज बंद पडली, तेव्हापासून स्टँडच्या भिंतीला लागून केळीच्या वेफर्सची गाडी लावतो. चारच्या चहाला दोघं समोरासमोर बसले की भांडण ठरलेलं.

"तुन्हा मुये मन्ही टॉकीज बंद पडी, बन्सी."

"टॉकीज तुन्ही कव्हय व्हती रे? तू ते दारवर उभा ऱ्हाये."

"दार ते मन्हं व्हतं ना!"

"आनि धडगावना डोंगरमा टॉकीज कोठे शे, ते सांग. तठला मानूस पिच्चर कोठे देखी? मी चोरी नही करत. मी पोचाडस."

"पोचाडस म्हने! कुरियरवाला शे का तू? ज्यानी पिच्चर बनाडा त्याले इचारं व्हतं का?"

"तो मुंबईमा बठेल शे. त्याले कोठे इचारू?"

"चोरबी असंच म्हनस. घरना मालक झोपेल व्हता, कोनले इचारू!"

बन्सीलाल हसायचा आणि नवनीतच्या बशीत आपल्या कपातला उरलेला चहा ओतायचा. नवनीतचं बोलणं त्याच्या अंगाला लागायचं नाही. कारण सिनेमा करणारा माणूस त्यानं कधी पाहिलाच नव्हता. न पाहिलेल्या माणसाचं काही घेतलं, असं वाटतच नाही.

आता ते दिवसही सरले. हाताहातात मोठे फोन आले. गावातली पोरं स्वतःच नवा सिनेमा उतरवून घेतात आणि बन्सीलालला दाखवतात, "काका, तुमच्याकडे आला का हा?" दुकानात आता काचा, चार्जर आणि कव्हरं लटकतात. कार्ड भरायला येतात ती फक्त डोंगरातली, जिथं टॉवर पोचत नाही तिथली माणसं. दसरा ते दिवाळी एवढाच त्याचा हंगाम. त्या दिवसांत तो चष्मा पुसून, चिमटा चमकवून बसतो.

अशाच एका दुपारी, दसरा उलटून चार दिवस झाले होते, एक मुलगी दुकानासमोर येऊन उभी राहिली. पाठीला कॉलेजची बॅग, केस घट्ट बांधलेले.

"बन्सीलालकाका तुम्हीच ना?"

"बोल बेटा. काच बसाडनी शे?"

"मी रविना. खात्या पावरांची मुलगी. इथं वसतिगृहात राहते."

बन्सीलालच्या तोंडावर एकदम हसू पसरलं. "खात्या! बकरीना गानावाला खात्या!"

खात्या त्याच्या चांगला लक्षात होता. दहा वर्षांपूर्वी असाच ऊसतोडीला जाताना गाडीची वाट बघत तो दुकानाच्या पायरीवर बसला होता आणि स्वतःशीच गुणगुणत होता. गाणं पावरी बोलीतलं. घरी राहिलेल्या बकरीला निघताना सांगायचं गाणं. कबरे, छपराचं गवत खाऊ नको. कबरे, म्हातारीला रात्री जागवू नको. पळसाला फूल आलं की मी येतो, तोवर दाराकडं बघत बसू नको. चाल जुनी, शब्द खात्याचे. बन्सीलालला ते इतकं आवडलं की त्यानं त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं, दुकानातला मोबाईल पुढं धरला आणि पूर्ण गाणं म्हणायला लावलं. मग पुढं आपला ठप्पा जोडला आणि त्या हंगामात जो येईल त्याच्या कार्डात ते टाकलं. खात्याला त्याचं कार्ड फुकट भरून दिलं. झालं. त्या वर्षी प्रत्येकाची एक बकरी किंवा एक म्हातारी घरी राहिलेली होती. गाणं वणव्यासारखं गेलं.

रविना मात्र हसली नाही. "काका, ते गाणं आता बाबांचं राहिलं नाही."

तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपासून ती घरी गेली की बापाला मोबाईलसमोर बसवून त्याची गाणी टिपायची आणि नेटवर आपल्या चॅनलवर चढवायची. चाळीस गाणी झाली. फोनमध्ये जागा नसायची, म्हणून चढवलं की फोनमधून पुसून टाकायची. त्यात बकरीचं गाणंही होतं. दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा म्युझिक कंपनीनं तेच गाणं टिमलीचा, इकडच्या लग्नातल्या नाचाचा, ठेका लावून स्वतःच्या नावावर बाजारात आणलं, आणि उलट रविनालाच नोटीस आली की तू आमचं गाणं चोरलंस. तिचं गाणं काढून टाकलं. तिनं बापाला पुन्हा गायला बसवून चढवलं, तर दुसरी नोटीस. तिसरी आली की चॅनल बंद. चाळीसच्या चाळीस गाणी जाणार.

"आणि कंपनीच्या गाण्यात आवाज बाबांचाच आहे, काका. माझ्याआधी बाबा एकदाच कुणाच्या मोबाईलसमोर गायले होते. तुमच्या दुकानात."

"माले काय माहीत कंपनीले कोनी दिधं," बन्सीलाल म्हणाला. पण त्याला माहीत होतं. ज्याच्या त्याच्या कार्डात त्यानंच घातलं होतं.

रविनानं फोन काउंटरवरच्या स्पीकरला जोडला. ढोल दणाणले. ठप्पा कापून टाकलेला होता. खात्याचा कोवळा आवाज ढोलांतून वर आला. दुसरं कडवं झालं, आणि अचानक एक बाई ठेक्यात ओरडली, "दाय थंडी! दाय थंडी! दाय थंडी व्हई ऱ्हायनी!" ढोल, पिपाणी, आणि पुन्हा, "पप्पा! पप्पा! दाय थंडी व्हई ऱ्हायनी!"

पडदा सरकला. हाताला पीठ लागलेलं, अशा रंजनाबाई बाहेर आल्या.

"आते कोन बोलनं? मन्हासारखं कोन बोलनं?"

रविनानं गाणं मागं नेलं. पुन्हा "दाय थंडी!" रंजनाबाईंनी पिठाचा हात तोंडावर ठेवला.

"वो माय! हाई ते मीच शे!"

आणि बन्सीलालला तो दिवस लख्ख आठवला. भर दुपारी जेवणाच्या वेळेला दुकान उघडं ठेवून त्यानं खात्याला गायला बसवलं होतं. रंजनाबाईंनी आतून दोन हाका मारल्या, त्यानं हातानंच थांब म्हणून खूण केली, पण पडद्यापलीकडं खूण कशी दिसणार? डाळ थंड होतेय ही तिसरी हाक नेमकी दुसऱ्या कडव्यानंतर खात्यानं दम घेतला तिथं पडली. त्यानं ती काढली नाही. काढायची कशी तेच त्याला येत नव्हतं. आणि कंपनीच्या माणसाला ना पावरी कळत होती, ना अहिराणी. त्याला वाटलं हेच धृपद.

"किती लोकेस्नी आयकेल शे हाई?" रंजनाबाईंनी विचारलं.

"सव्वीस लाख," रविना म्हणाली.

"सव्वीस लाख लोकेस्ले माहीत शे की मन्ही दाय थंडी व्हई गयती. फक्त यासलेच माहीत नही!" त्यांनी नवऱ्याकडं बोट दाखवलं, आणि पहिल्यांदा रविना हसली.

हसू ओसरल्यावर ती कामाचं बोलली. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं, गाणं पहिल्यांदा जसं टिपलं तसं हवं, आणि ज्यानं टिपलं त्याच्या सहीचा कागद. कधी टिपलं, कुठं, कुणाकडून. शुक्रवारपर्यंत पाठवायचं.

सही म्हटल्याबरोबर बन्सीलालच्या डोळ्यांसमोर ठाण्यातला बाक आला. 'यापुढे असा गुन्हा करणार नाही.' त्या माफीनाम्यानंतरची सगळी वर्षं, सगळी कार्डं. आता स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की बघा, मी थांबलो नव्हतो?

"फाईल नही शे मन्हाजोडे," तो म्हणाला. "कव्हयनी गयी."

रविनानं फोनची वायर काढली, बॅगेत घातली. "बरं काका," म्हणाली आणि गेली. चिडली असती तर बरं झालं असतं.

रंजनाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. देवघराखालच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आणि त्यात कागदाच्या पुड्या करून बन्सीलालनं प्रत्येक हंगामाचं एकेक कार्ड जपून ठेवलं होतं. डबा दर दिवाळीला त्याच पुसायच्या.

"भूमिकाना पप्पा, तुम्हीन त्या खात्याले इचारं व्हतं का? गानं सगयास्ले देस म्हनी?"

"त्याना कार्ड फुकट भरी दिधं ना मी."

"ते मी इचारं नही."

नवनीतला ही बातमी चार वाजेपर्यंत पोचली होती. त्या दिवशी त्यानं चोर म्हटलं नाही. चहा अर्धा प्यायल्यावर म्हणाला, "जल्मभर दुसरासना पिच्चर फुकट वाटात, आते एक सही कराले तुन्हा हात थरथरस?"

"माफीनामा लिखी देल शे मी."

"ते माले ठाऊक शे. सगया गावले ठाऊक शे. पन त्या पोरले काय सांगशी?"

बन्सीलालला एक वाट सुचली. खात्याकडंच जावं. माणूस साधा आहे. दोन शब्द बोलावेत, चूकभूल म्हणावं. तो म्हणेल, जाऊ दे भाऊ, एका गाण्याचं काय एवढं. बापानंच जाऊ दे म्हटल्यावर पोरगी काय करणार? दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो सकाळच्या धडगाव गाडीत बसला. नवनीतनं वेफर्सची पुडी दिली, पैसे घेतले नाहीत. शर्टाच्या खिशात दहा वर्षांपूर्वीचं कार्ड होतं. ते कशाला घेतलं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

म्हसावद मागं पडलं, केळीची शेतं संपली, घाट लागला. आयुष्यभर या डोंगरातल्या माणसांची कार्डं भरली, पण बन्सीलाल इथं कधी आला नव्हता. आमलीपाणी पाड्याच्या फाट्यावर उतरून पाऊण तास चालल्यावर खात्याचं घर आलं. कुडाच्या भिंती, समोर मक्याची कणसं टांगलेली, आणि दाराशी एक कबरी बकरी.

"हाईच का ती?" दम खात बन्सीलालनं विचारलं.

"तिनी नातीन," खात्या म्हणाला. तो खाटेची दोरी ओढत होता. केस पिकले होते, पाठीनं दगा दिल्यामुळं ऊसतोड सुटली होती. त्यानं बन्सीलालला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही. तोंड उघडल्यावर. "आवाजवरून वळखू उना तू. बस. बस भाऊ."

तुळशीबाईंनी, खात्याच्या बायकोनं, बिनदुधाचा चहा दिला. बन्सीलालनं वेफर्सची पुडी पुढं केली आणि बसमध्ये तयार केलेलं भाषण सुरू केलं. तो म्हणाला की जमाना असा आहे, एकदा गाणं सुटलं की कुठं जाईल सांगता येत नाही, कुणाचा दोष नाही. खात्या ऐकत होता. मग दोरीला गाठ मारून म्हणाला,

"गानं काय उष्टं होतं का? मी म्हनतो, तू म्हन, तो म्हनो. मन्ही चाल मन्हा बापनी, त्याले कोनी दिली काय माहीत. गेलं तर गेलं फिरायला. ते बी येईल होळीले घरी."

बन्सीलालला इतकं हलकं वाटलं की त्यानं चहा एका घोटात संपवला. आता उठावं, तीनची गाडी मिळेल.

तेवढ्यात तुळशीबाई बोलल्या. त्या खाली बसून वेफर्स मोजल्यासारखे एकेक खात होत्या.

"ऊसतोडीच्या पडावावरचं सांगा ना त्याले."

"राहू दे," खात्या म्हणाला.

"मी सांगते. दादा, त्या साली फडात सगळ्यांच्या मोबाईलात याचं गानं. हा खूश. उठून उभा राहिला. बोलला, मी गायलं, मन्हं गानं. सगळे हसले. मुकादम बोलला, गप रे, नाव तर बन्सीलाल सांगते, तू कधी बन्सीलाल झाला? मग यानं गाऊन दाखवलं, सगळ्यांच्या पुढं. तर बोलले, मस्त नक्कल करतोस बन्सीलालची."

बकरी टांगलेल्या कणसाला तोंड लावू बघत होती. कुणी तिला हाकललं नाही.

"आठ साल गायला नाही हा," तुळशीबाई म्हणाल्या. "लग्नात बोलावलं तरी नाही. रविनानं फोन धरला, तेव्हा परत तोंड उघडलं. गानं घेतलं, घ्या. तेवढं नाव नव्हतं घ्यायचं दादा."

बन्सीलालनं खिशातला चिमटा काढला, परत ठेवला. नवनीतनं वीस वर्षं जे रोज सांगितलं आणि अंगाला लागलं नाही, ते आता लागलं. मुंबईतला माणूस त्यानं पाहिला नव्हता. हा तर समोर बसला होता, खाटेची दोरी हातात धरून. आणि कंपनीनं केलं ते काय वेगळं होतं? कंपनीनं ठप्पा कापला तेव्हा खात्याचं नाव कापलं नव्हतं. ते तिथं नव्हतंच.

त्यानं कार्ड काढलं, खात्याच्या बटणाच्या मोबाईलमध्ये चिमट्यानं बसवलं आणि लावलं. "बन्सीलाल मोबाईल! बस स्टँडसमोर..." स्वतःचा आवाज ऐकून त्याला मान वर करवेना. मग गाणं आलं. ढोलाशिवायचं, मागं स्टँडवरची गडबड, एका गाडीचा हॉर्न. दुसरं कडवं संपलं आणि रंजनाबाईंची हाक आली, पूर्ण, "ओ भूमिकाना पप्पा! जेवाले या, दाय थंडी व्हई ऱ्हायनी!" तुळशीबाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं. खात्याही हसला.

"खात्या," बन्सीलाल म्हणाला, "तुन्हं गानं मी लिधं. इचारं नही. दहा साल व्हई गयात, आते इचारस. देशी का?"

खात्यानं दोरीला आणखी एक गाठ मारली. मग म्हणाला, "देतो. पन तुन्हा ठप्पा काढ. मन्हं नाव लाव. पाड्याचं बी लाव."

"लावस."

"आनि ती बाई राहू दे. ती चांगलं बोलते."

शुक्रवारी सकाळी रविनाला बन्सीलालनं स्वतः वसतिगृहाच्या फाटकावरून बोलावून आणलं. दुकानात नवनीत साक्षीला होता. बन्सीलालनं चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं. मी, बन्सीलाल, शहादा, लिहून देतो की हे गाणं खात्या पावरा, आमलीपाणी, याचं आहे. दहा वर्षांपूर्वी ऊसतोडीला जाताना त्यानं ते माझ्या दुकानात म्हटलं. मी त्याला न विचारता ते लोकांना वाटलं आणि त्यावर माझं नाव लावलं, ही माझी चूक. मधली हाक माझ्या बायकोची आहे. त्या दिवशी घरी तुरीची डाळ होती.

"मूगनी व्हती," पडद्याजवळून रंजनाबाई म्हणाल्या.

"तूरनी व्हती वो."

"रांधी कोनी? मी का तुम्हीन?"

"काका, डाळ नाही लिहिली तरी चालेल," रविना म्हणाली.

"नही, लिखनं खरं लिखनं," बन्सीलाल म्हणाला, आणि तुरीची खोडून मुगाची केली. मग त्यानं पेन टेकवला. एकेक अक्षर जोडत सही करू लागला. नवनीत तोंड फिरवून स्टँडकडं बघत राहिला. सही झाल्यावर रंजनाबाईंनी कागद उचलला, फुंकर मारली, आणि त्या जुन्या कार्डासोबत रविनाच्या हातात दिला.

पुढचे दिवस बन्सीलालनं कसे काढले त्याचं त्याला ठाऊक. स्टँडवर खाकी दिसली की तो काउंटरखाली काहीतरी शोधू लागायचा. पण कुणी आलं नाही. धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी रविना रस्ता ओलांडून धावत आली ती फोन वर धरूनच. कंपनीकडून एका ओळीचं उत्तर आलं होतं. दावा मागे घेतला आहे. ना माफी, ना काही. पण दोन्ही नोटिसा निघाल्या होत्या, चाळीस गाणी जागेवर होती, आणि ढोलवालं गाणं कंपनीनं काढून टाकलं होतं.

"म्हंजे सव्वीस लाख गयात," रंजनाबाईंना थोडं वाईट वाटलं.

"मावशी, तुमचं खरं गाणं मी चढवते ना," रविना म्हणाली. "बाबांच्या नावानं. तुमच्या हाकेसकट."

त्याच दुपारी गाड्या भरून माणसं उतरली. दुकानासमोर कार्डं घेऊन रांग लागली. एका तरुण नवरा-बायकोनं बकरीचं गाणं मागितलं. बन्सीलालनं कार्डात घालून खात्री करायला जरा वाजवून दाखवलं. तोच जाड, घोगरा आवाज, पण शब्द नवे, "खात्या पावरा, आमलीपाणी! शब्द त्याना, आवाज त्याना! ऐका!"

वेफर्सच्या गाडीवरून नवनीत ओरडला, "आनि बाकी दोनशे गाना? त्या कोना शेतस, बन्सी?"

बन्सीलालचा चिमटा हवेतच थांबला. समोरच्या जोडप्याला पाच महिने काढायचे होते. होळीपर्यंतचा शिधा. त्यानं नवनीतकडं बघितलं, जोडप्याकडं बघितलं.

"धीरे धीरे इचारसू," तो म्हणाला.

"मुंबईले जाईसन?"

"जाईसन! तू चालशी का संगे? दारवर उभा ऱ्हाशी!"

रांग हसली. आणि पडद्यामागून हाक आली, "ओ भूमिकाना पप्पा! जेवाले या!"

बन्सीलालनं सवयीनं हात वर केला, थांब म्हणायला. मग तो हात खाली आला. दोन मिनिटं थांबा हो, असं रांगेला सांगून, चिमटा खिशाला लावून, तो पहिल्याच हाकेला उठून आत गेला. रंजनाबाईंची भाकर अजून तव्यावर होती, डाळ शेजारच्या शेगडीवर.

"इतला लवकर काब्र ऊनात?" त्या म्हणाल्या. "दाय अजून उकयी ऱ्हायनी."